भाऊ दाजी आणि रक्तपितीचे औषध

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील, सह्याद्रीच्या कुशीतले दोन तालुके. पावसाळ्यात भातखाचरातील गुडघाभर चिखल आणि भात निघाल्यावर वीटभट्टीची आच, असे येथील अनेक आदिवासी कुटुंबांचे वर्ष असते. या कष्टात अंगावर काही ना काही उठणे नवे नाही. पायाच्या बोटांमधील चिखल्या, मुलांच्या अंगावरील खरूज, गळवे, कुठे ठेच लागून पिकलेली जखम. दुखले, ठणकले, सुजले की माणूस औषध शोधतो. मात्र याच त्वचेवर एक असा चट्टा उमटू शकतो, जो दुखत नाही, खाजत नाही आणि म्हणूनच कुणाला शंकाही येत नाही. फिकट किंवा तांबूस, त्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही असा. कुष्ठरोगाची सुरुवात बहुधा अशी मुकाट होते. शंका आली, तर अनेकदा तो चट्टा बाहीखाली किंवा पदराआड झाकला जातो.

कुष्ठरोग शोधमोहिमेत आशा सेविका आणि आरोग्य कर्मचारी घरोघरी, पाड्यापाड्यांवर फिरतात, ते हा झाकलेला चट्टा शोधण्यासाठी. त्यावरचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते आणि सहा महिने किंवा एक वर्ष नियमित घेतल्यास रोग पूर्ण बरा होतो. रोग उघड झाला की अर्धी लढाई जिंकली, अशी आजची स्थिती आहे.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी स्थिती अगदी वेगळी होती. रोगी उघड्यावर होते. मुंबईच्या रस्त्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर ते सर्वांना दिसत. त्यांच्यासाठी औषध मात्र नव्हते. ते आपल्याला सापडले आहे, अशी आशा त्या काळात मुंबईतील एका मराठी डॉक्टरला वाटू लागली होती आणि त्याने ते औषध झाकून ठेवले होते. त्या डॉक्टरचे नाव भाऊ दाजी लाड.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयामुळे हे नाव मुंबईकरांच्या तोंडी आहे. संस्कृतचे अभ्यासक त्यांना शिलालेखांचे वाचक म्हणून ओळखतात आणि राजकीय इतिहासात बॉम्बे असोसिएशनचे सचिव म्हणून त्यांची नोंद आहे. पण त्यांचा मूळ व्यवसाय डॉक्टरकीचा होता. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत त्यांनी ज्या कामाचा ध्यास घेतला होता, ते होते रक्तपितीवरील औषधाचे.

पेडण्याहून मुंबईला

भाऊंचा जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यातील पेडणे महालातल्या मांद्रे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. वडील पोटापाण्यासाठी मुंबईला आले आणि मातीच्या बाहुल्या व मूर्ती करून विकू लागले. मुलगा चलाख होता. बुद्धिबळात तो मोठ्यांना हरवतो याचा गवगवा झाला आणि त्यातून त्याला इंग्रजी शिक्षणाची वाट मोकळी झाली, असे त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. काठेवाड आणि कच्छमधील मुलींच्या बालहत्येच्या चालीवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय त्याला जोडलेले होते आणि डॉ. चार्ल्स मोरहेड त्याचे प्रमुख होते. मृत देहाला हात लावणे, शवविच्छेदन करणे या गोष्टी तेव्हाच्या हिंदू समाजाला पटणाऱ्या नव्हत्या. तरीही पहिल्याच तुकडीत काही मराठी तरुण दाखल झाले. भाऊ दाजी त्यांपैकी एक आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग हे दुसरे. १८५१ मध्ये या तुकडीतील आठ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवून बाहेर पडलेले मुंबई इलाख्यातील हे पहिले डॉक्टर होते.

अल्पकाळच्या सरकारी नोकरीनंतर भाऊंनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. दोघा भावांनी गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. पैसेवाल्यांकडून मिळणारे शुल्क मोठे होते आणि गरिबांसाठी दार उघडे होते. थोड्याच वर्षांत भाऊ दाजी हे मुंबईतील सर्वांत नावाजलेल्या डॉक्टरांपैकी एक झाले.

याच काळात मुंबईची वेस विस्तारत होती. १८५३ मध्ये रेल्वे ठाण्यापर्यंत धावली, १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५५ मध्ये आजच्या शहापूर तालुक्यातील वाशिंदला पोहोचली. १८६० मध्ये शहापूरजवळचे आसनगाव लोहमार्गावर आले. पूर्वी ज्या गावांना मुंबई दोन-तीन दिवसांच्या वाटेवर होती, त्यांना ती काही तासांवर आली. कामाच्या शोधात निघालेला मजूर शहरात येऊ लागला, तसा गावाने बाहेर काढलेला रोगीही येऊ लागला. कोकणातून, घाटावरून, काठेवाडातून आलेले हे रोगी शहराच्या नजरेला सलत होते आणि वैद्यकासमोर प्रश्न उभा करत होते.

न्यायालयातील साक्ष

भाऊ दाजींच्या स्वभावाचा एक पैलू १८६२ च्या प्रसिद्ध महाराज अब्रुनुकसानी खटल्यात दिसला. वैष्णव संप्रदायातील काही महाराजांच्या अनाचारावर करसनदास मूळजी यांनी आपल्या पत्रातून टीका केली होती. त्यावरून जदुनाथजी महाराजांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात फिर्याद केली. आरोप खरे की खोटे हे ठरवताना वैद्यकीय पुरावा कळीचा ठरला. संप्रदायाचे अनुयायी शहरातील बड्या धनिकांपैकी होते. त्यांचा रोष ओढवून घेण्यात डॉक्टरचा काहीच फायदा नव्हता. तरीही भाऊ दाजी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि गुप्तरोगांबाबतची वैद्यकीय माहिती त्यांनी शपथेवर सांगितली. मुख्य आरोपातून करसनदास सुटले.

झाकलेला रोग उघड केल्यावाचून अन्याय थांबत नाही, असा प्रसंग आला तेव्हा भाऊ दाजी मागे हटले नव्हते. काही वर्षांनी त्यांच्याच हाती एक गुपित आले आणि ते त्यांनी निराळ्या तऱ्हेने सांभाळले.

कडू कवठीचे तेल

भाऊ दाजींना वनस्पतींची मोठी आवड होती. देशी औषधींचे गुण पाश्चात्त्य वैद्यकाच्या कसोटीवर तपासून पाहावेत, हा त्यांचा ध्यास होता. मुंबईतील वस्तुसंग्रहालय आणि राणीची बाग यांच्या उभारणीत जॉर्ज बर्डवुड यांच्याबरोबर ते पुढाकार घेत होते. बर्डवुड स्वतः मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींचे जाणकार होते. जुन्या संस्कृत पोथ्या भाऊ जमवत होतेच. त्यांतील वैद्यकाचे भागही त्यांच्या वाचनातून सुटले नसणार.

रक्तपितीवर एक देशी तेल गुणकारी ठरते, अशी माहिती तोवर इंग्रजी वैद्यकापर्यंत पोहोचली होती. कलकत्त्यात फ्रेडरिक मौअट यांनी १८५४ मध्ये चौलमुग्रा या पूर्वेकडील झाडाच्या बियांच्या तेलाविषयी लिहिले होते. पश्चिम घाटात त्याच कुळातील एक भाऊबंद झाड वाढते. मराठीत त्याला कडू कवठ किंवा कडू कवठी म्हणतात. ओढ्याकाठच्या दाट रानात वाढणाऱ्या या सदाहरित झाडाची फळे कवठासारखी गोल आणि टणक कवचाची असतात. गरात तेलकट बिया असतात. फळाचा उपयोग मासे झिंगवण्यासाठीही केला जात असे. कोकणपट्टीत या बियांचे तेल चिवट त्वचारोगांवर आणि जखमा, व्रण यांवर लावण्याचा घरगुती उपाय जुनाच होता. विल्यम डायमॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० नंतर प्रसिद्ध केलेल्या भारतीय वनौषधींच्या मोठ्या ग्रंथात या वापराची नोंद आहे.

१८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाऊ दाजींनी रक्तपितीच्या रुग्णांवर आपल्या औषधाचे प्रयोग सुरू केले. ज्या माणसांना घरचे शिवत नव्हते, त्यांना ते तपासत, औषध देत आणि त्यांच्यात पडणारा फरक पाहत. काही रुग्णांच्या अंगावरील गाठी बसल्या, चट्टे निवळले, अशी वार्ता पसरली. मुंबईच्या डॉक्टराला महारोगावर औषध सापडले, ही बातमी इलाख्याबाहेरही गेली.

मग साहजिकच प्रश्न आला, हे औषध कोणते?

भाऊंनी ते सांगितले नाही. प्रयोग पूर्ण व्हावेत, गुण टिकतो याची खात्री पटावी आणि मगच जगाला सांगावे, अशी त्यांची भूमिका होती. ती समजण्यासारखी आहे. रक्तपितीवर रामबाण उपाय सापडल्याचे दावे तेव्हा वारंवार होत आणि तितक्याच वेळा फोल ठरत. शिवाय एका नेटिव्ह डॉक्टरचा दावा फसला असता, तर त्याची किंमत त्याच्या साऱ्या वर्गाला मोजावी लागली असती. पण आधुनिक वैद्यकात शिकलेल्या माणसाने औषध गुप्त ठेवावे, हे अनेकांना खटकले. त्यांच्यावर टीका झाली. घरोघरच्या वैद्याने आपला मुळीचा उपाय मुलालाही न सांगता जावे, या जुन्या रीतीपासून देशी औषधींना सोडवायला निघालेला माणूस त्याच रीतीत अडकतो आहे, असा तो विरोधाभास होता.

रोगाची फसवी चाल

हे गुपित एवढे महत्त्वाचे का होते, ते कळण्यासाठी रोगाची चाल समजून घ्यावी लागते. कुष्ठरोगाचा जिवाणू अतिशय सावकाश वाढतो. अनेक जिवाणू अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात. याला त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्गानंतर लक्षणे दिसायला साधारणपणे पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. शरीराचे थंड राहणारे भाग त्याला मानवतात, म्हणून तो त्वचेत आणि त्वचेजवळून जाणाऱ्या चेतातंतूंत घर करतो. कोपराजवळची नस गेली की हाताची बोटे आखडतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस गेली की पाऊल लोंबकळते.

बोटे रोगाने गळून पडतात, हा समज चुकीचा आहे. संवेदना गेलेल्या हाताला चुलीचा चटका कळत नाही आणि पायाला काटा लागलेला समजत नाही. त्या जखमेत दुसरेच, नेहमीचे पू करणारे जिवाणू शिरतात. ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि वर्षानुवर्षे असे होत राहिल्याने बोटे झिजतात. वेदना नसणे, हेच या रोगातले खरे संकट आहे.

शरीर या जिवाणूला कसा प्रतिकार करते, त्यावर रोगाचे रूप ठरते. प्रतिकार चांगला असेल तर एक-दोन चट्टे उठतात आणि काहींच्या बाबतीत ते औषधाविनाही विरतात. प्रतिकार दुबळा असेल तर अंगभर गाठी येतात, चेहरा जाड होतो. मध्येच कधी शरीराची प्रतिकारशक्ती उसळते. मग शांत असलेले चट्टे लाल होतात, सुजतात, नसा ठणकू लागतात, ताप भरतो. हा दाह जिवाणूंच्या नव्या हल्ल्यामुळे नव्हे, शरीराच्या प्रतिक्रियेमुळे होतो आणि तो वेळीच आवरला नाही तर काही दिवसांत नस निकामी करतो. आज उपचार चालू असताना असा दाह झाला तर डॉक्टर स्टेरॉइड देतात आणि मूळ औषध चालूच ठेवतात. अनेक रुग्ण मात्र औषधच अंगावर उठले असे समजून ते थांबवतात.

असा हा कधी चढणारा, कधी आपोआप उतरणारा रोग. त्यावर दिलेले कोणतेही औषध सहा महिने गुणकारी वाटू शकते. चट्टा औषधाने गेला की स्वतःहून विरला, हे एका डॉक्टरला मोजक्या रुग्णांवरून ठरवता येत नाही. त्यासाठी तेच औषध अनेक ठिकाणी, अनेक हातांनी, अनेक वर्षे वापरून पाहावे लागते. औषधाचे नावच ठाऊक नसेल तर हे कोण करणार? भाऊ दाजी खात्री पटेपर्यंत थांबायचे म्हणत होते. पण ती खात्री एकट्याला मिळणारी नव्हती.

मुंबई, बर्गेन आणि १८७३

याच सुमारास मुंबईत दुसरा एक डॉक्टर याच रोगाच्या मागे लागला होता. हेन्री व्हॅनडाईक कार्टर हे त्यांचे नाव. शरीररचनाशास्त्राच्या जगप्रसिद्ध ग्रे यांच्या ग्रंथातील चित्रे काढणारे कार्टर १८५८ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये अहवाल देऊन कुष्ठरोग संसर्गजन्य नसल्याचा निर्वाळा दिला होता. आनुवंशिकतेची कल्पना तेव्हा प्रबळ होती. कार्टर यांनी मुंबई इलाख्यातील रुग्णांच्या नसा तपासल्या, नोंदी केल्या, चित्रे काढली. १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले, कारण युरोपात हा रोग तेथे मोठ्या प्रमाणावर होता आणि बर्गेनमधील डॉक्टर त्याचा कसून अभ्यास करत होते.

त्याच वर्षी बर्गेनमध्ये गेरहार्ड आर्मौर हॅन्सन यांना रुग्णांच्या गाठींमधील द्रवात काडीसारखे सूक्ष्म जीव दिसले. मानवी रोगाशी जोडल्या गेलेल्या अगदी पहिल्या जिवाणूंपैकी हा एक होता. रोग पूर्वजन्मीच्या पापाने किंवा रक्तातील दोषाने होत नाही, तो एका जिवाणूमुळे होतो, हे सांगणारी वाट येथून निघाली. कार्टर यांनी ही माहिती इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवली.

मुंबईत भाऊ दाजींची प्रकृती तोवर ढासळली होती. १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात त्यांची संपत्ती गेली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीने मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच तो ओसरला. त्यात शहरातील कित्येक मोठी घराणी बुडाली. भाऊ सावरले. मुंबईचे शेरीफपद त्यांना १८६९ आणि १८७१ असे दोनदा मिळाले. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख, गिरनारचा रुद्रदामन्‌चा लेख, कालिदासाचा काळ यांवरील त्यांचे संशोधन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत वाचले गेले होते. मुलींच्या शाळा, विष्णुदास भाव्यांच्या नाटकांचे मुंबईतील प्रयोग, पार्लमेंटकडे जाणारे अर्ज अशा सगळीकडे त्यांचा हात होता. एका माणसाने किती कामे अंगावर घ्यावीत, याला धरबंध नव्हता. त्यांतील बहुतेक कामे इतरांनी पुढे नेण्याजोगी होती. औषधाचे काम मात्र त्यांनी स्वतःपुरते ठेवले होते.

पक्षाघाताने त्यांना गाठले. ३१ मे १८७४ रोजी भाऊ दाजींचे निधन झाले. तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. पुढच्याच वर्षी बंधू नारायण दाजीही गेले.

रक्तपितीवरचे ते औषध कडू कवठीच्या बियांचे तेल होते, हे नंतर वनौषधींच्या ग्रंथांतून सर्वज्ञात झाले. पण औषधाचे नाव कळणे वेगळे आणि त्याची मात्रा, पथ्य, कोणत्या रुग्णाला गुण आला, कोणाला आला नाही, किती काळ टिकला हे कळणे वेगळे. खरी किंमत त्या नोंदींना होती. गाठीला बांधून ठेवलेला अनुभव माणसाबरोबर गेला.

तेलाचा पुढचा प्रवास

कडू कवठीचे तेल मात्र तेथे थांबले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी चौलमुग्रा आणि कडू कवठी या भाऊबंद तेलांतील आम्ले रसायनशास्त्रज्ञांनी वेगळी केली. तेल पोटात घेतले की मळमळ आणि उलट्या होत, रुग्ण उपचार सोडून देत. हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९१५ च्या सुमारास त्यापासून टोचता येईल असे औषध तयार केले. तिचाही अकाली मृत्यू झाला आणि श्रेय बरीच वर्षे दुसऱ्याच्या नावावर राहिले. पण तिची पद्धत प्रयोगशाळेत होती, इतरांना वापरता आली. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी याच दिशेने काम केले. पुढे भारतात पश्चिम घाटातील कडू कवठीचे ताजे तेल अधिक पसंत केले जाऊ लागले. भाऊ दाजींनी निवडलेली बी चुकीची नव्हती.

तरीही हे तेल रामबाण नव्हते. काहींना त्याचा उपयोग होई, पुष्कळांना होत नसे. रोग मुळापासून जाण्यासाठी १९४० च्या दशकातील सल्फोन औषधांची वाट पाहावी लागली. अमेरिकेत १९४१ मध्ये त्यांचा वापर सुरू झाला आणि त्यांतूनच स्वस्तातली डॅप्सोनची गोळी आली. एकाच औषधाला जिवाणू दाद देईनासा झाला, तेव्हा १९८० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. डॅप्सोन, रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांचा हा बहुविध औषधोपचार देशात सर्वप्रथम राबवला गेला त्या मोजक्या जिल्ह्यांत महाराष्ट्रातील वर्धा होता. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आले. ही सरासरी होती. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांसारख्या ठिकाणी नवे रुग्ण नंतरही सापडत राहिले.

कायदा तर त्याहून सावकाश बदलला. १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट रुग्णांना वेगळे डांबून ठेवण्याची मुभा देणारा होता. तो २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळले गेले ते २०१९ मध्ये. औषध हाती आल्यानंतर अनेक दशके ही भीती कायद्याच्या पुस्तकात टिकून होती. मग पाड्यावरील एखाद्या सुनेने हातावरचा चट्टा पदराखाली झाकला, तर दोष तिच्या अज्ञानाला देता येत नाही. उघड झाल्यावर घर सुटेल ही तिची भीती निराधार नव्हती.

एका रस्त्यावरून

मुंबईत माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ भाऊ दाजींच्या नावाचा रस्ता आहे. तेथून जवळच वडाळ्याला अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. भाऊंच्या निधनानंतर सोळा वर्षांनी, १८९० मध्ये, मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने ते निराधार रुग्णांसाठी सुरू झाले. मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे अ‍ॅकवर्थ ते हेच. शहराच्या वेशीबाहेर, वस्तीपासून दूर म्हणून ही जागा तेव्हा निवडली गेली. आता शहर तिच्या चारी बाजूंनी पसरले आहे.

राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. तेथे हस्तिदंती वस्तू आहेत, मातीच्या बाहुल्या आहेत, जुन्या मुंबईचे नकाशे आहेत. त्यांनी जमवलेली हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीत जपून ठेवली गेली. वस्तू आणि पोथ्या सर्वांनी पाहाव्यात, तपासाव्यात, चुका काढाव्यात, असा हा वारसा आहे. शिलालेखाचे वाचन त्यांनी छापले, म्हणून पुढच्या विद्वानांना ते दुरुस्त करता आले आणि त्या दुरुस्तीने भाऊंचे नाव कमी झाले नाही. रक्तपितीच्या औषधाबाबत ही संधी त्यांनी कुणाला दिली नाही आणि काळाने त्यांनाही दिली नाही.

त्यांचे मोठेपण त्याने उणावत नाही. रोग्याला दैवाच्या हवाली न करता त्याच्या अंगाला हात लावून त्याला बरे करता येईल, असे मानणारे डॉक्टर तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. भाऊ दाजी त्यांपैकी होते, आणि त्यांनी योग्य झाडाच्या बिया हाती घेतल्या होत्या. त्यांच्या आयुष्याचा हा अपुरा अध्याय आजही कामाचा आहे. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर आशा सेविका अंगावर कुठे न दुखणारा चट्टा आहे का, असे विचारते, तेव्हा ती दीडशे वर्षे अपुरे राहिलेले काम पुढे नेत असते. औषध आता गुपित राहिलेले नाही. चट्टाही तसा राहू नये, एवढेच उरले आहे.